मोहोराच्या तोंडावर

"आता नाय, अप्पा," गुणाजी म्हणाला. कमरेला अडकवलेली कोयती त्याने काढलीसुद्धा नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. आम्ही दोघे अंगणातल्या आंब्याखाली माना वर करून उभे होतो. गुणाजी धुरी आमच्याकडे वीस वर्षं येत होता. आंबे उतरवणं, नारळ पाडणं, पावसाआधी झाडं साफ करणं, सगळं त्याच्याच हातचं. मी त्याला बोट दाखवून सांगितलं होतं, ती खिडकीसमोरची खालची मोठी फांदी आणि तिच्या वरची एक, एवढ्याच दोन काढायच्या आहेत.

"दोन काय नि चार काय," तो म्हणाला. "मोहोराच्या तोंडावर आंब्याला लोखंड लावत नाहीत. आंबे उतरले की बघू. मिरगाच्या आधी मी आपणहून येईन, तुमी बोलवायची गरज नाय."

"अरे, उत्सव दोन दिवसांवर आलाय."

"उत्सव देवाचा. झाडाचं काय त्यात?" मग जरा हसून म्हणाला, "एसटीची गाडी कधी सोडायची ते तुमी ठरवायचात, अप्पा. झाडाचा टाइम झाड ठरवतं."

मी एसटीत कंट्रोलर होतो. निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, पण गावात कुणाला माझी फिरकी घ्यायची झाली की एसटी हटकून मधे यायची. मी त्या दिवशी हसलो नाही. मी त्याला सांगितलं की हे मी माझ्या हौसेसाठी करत नाहीये. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "वैनीस विचारलंव?"

"ती बोलते का, विचारायला?"

"बोलत नाय, पण ऐकते ना," गुणाजी म्हणाला आणि निघून गेला.

आमच्या हिला, द्वारकेला, श्रावणात अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी महिनाभर ठेवून घेतलं आणि घरी पाठवताना मला बाजूला घेऊन समजावलं. हाताचं सांगता येत नाही, म्हणाले, पण वाचा परत येऊ शकते. मात्र ती आपोआप येत नाही, माणसाला बोलावंसं वाटावं लागतं. तेव्हा त्यांच्याशी बोलत राहा, त्यांच्या आवडीचं काही डोळ्यांसमोर ठेवा. फार दिवस गेले तर मग कठीण.

फार म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून मी दिवस मोजू लागलो. भाद्रपद गेला, आश्विन गेला, दिवाळी गेली. द्वारका खाटेवर पडून खिडकीबाहेर बघत राही. ऐकलेलं तिला सगळं कळत असे, पण हो म्हणायला मान हलवायची की नाही म्हणायला, ते तिचं तिलाच जुळत नसे. मग ती डोळे मिटून घेई. अडतीस वर्षं ज्या घरात हिच्या आवाजाने माझी सकाळ उजाडली, त्या घरात मी एकटाच बडबडत फिरत होतो.

तिच्या आवडीचं काय, हा प्रश्न मला पडलाच नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या घरासमोर गल्ली ओलांडली की दत्ताचं देऊळ. दत्तजयंतीच्या उत्सवात सात दिवस रोज चार वाजता कीर्तन. मी लहानपणापासून एकही चुकवलेलं नव्हतं. डेपोत असताना त्या आठवड्याची रजा मी जूनमध्येच टाकून ठेवत असे. बुवांनी नमन धरलं, झांज वाजली, की माझं मी म्हणून काही उरत नाही. कीर्तन ऐकताना मी किती वेळा रडलोय याला गणती नाही. हीसुद्धा यायची. पण पूर्वरंग संपून बुवांना हार घातला, बुक्का लावला की मधल्या वेळात उठून जायची. मी मागे वळून बघावं तर बायकांच्या बाजूला तिची जागा रिकामी. मला वाईट वाटायचं. घरचं काम बिचारीला निवांत ऐकू देत नाही, असं मी धरून चाललो होतो. अडतीस वर्षांत आख्यान म्हणून तिला पुरतं मिळालं नाही.

आता तिला काम नव्हतं. आणि खाटेपासून सभामंडप चाळीस पावलांवर होता. मधे फक्त आंबा होता.

गुणाजी गेल्यावर मी आत आलो. त्याचं बोलणं मनाला लागलं होतं, म्हणून तिच्या उशाशी बसून मी रीतसर विचारलं. म्हटलं, खिडकीसमोरच्या फांद्या काढू या का? इथून देऊळ दिसेल तुला. यंदा धामापूरकरबुवा येणार आहेत. निजल्या निजल्या सबंध कीर्तन बघशील.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

ते पाणी मी ओळखीचं मानलं. कीर्तनात बसणाऱ्या माणसाला ते परकं नसतं. देवाचं नाव निघालं की असं न सांगता भरून येतं, कंठ दाटतो, शब्द फुटत नाही. मीही रडलो. तिच्याच पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हटलं, कळलं गं मला.

दुसऱ्या दिवशी मी दाजी घवाळीला बोलावलं. दाजी लाकडाचा धंदा करायचा, त्याला ऋतूबितू नव्हते. तो म्हणाला, लाकूड मी नेईन, टाळ, म्हणजे शेंडे-पाला, तुम्ही उचला. त्याची शिडी आणि करवत बघून देवळातून पूजा आटोपून आलेले वेंगुर्लेकर गुरुजी आमच्या दगडी गडग्यापाशी थांबले आणि मला म्हणाले, "टाळ देवळात वाजवायचे सोडून झाडाचे कुठे काढायला लागलात, अप्पा?" मी त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. म्हणाले, बायकोसाठी एवढं कोण करतो. मला ते ऐकून बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

दाजीने खालच्या फांदीला करवत लावली. मी खाली उभा राहून दोर धरला होता आणि दत्ताचं नाम घेत होतो, जरा मोठ्यानेच, आत ऐकू जावं म्हणून. थोड्या वेळाने शेवंती बाहेर आली. शेजारच्या वाडीतली ही बाई द्वारकेला अंघोळ घालायला, कूस बदलायला येत असे. ती मला म्हणाली, "अप्पा, काकी हात आपटतायत."

"कसा?"

"डावा हात. खाटेच्या लाकडावर. थांबतच नाहीत."

मी दोर दाजीच्या माणसाकडे दिला आणि खिडकीशी गेलो. खरंच ती हात आपटत होती. धप्, धप्, धप्. चार महिन्यांत तिने आपण होऊन केलेली ती पहिली हालचाल. आणि घशातून आवाज येत होता. शब्द नव्हता, नुसता आवाज, पण आवाज होता. मी शेवंतीला म्हटलं, अगं, ताल धरलाय तिने. मी नाम म्हणतोय ना, त्याच्यावर ताल धरलाय.

शेवंती वळून आत गेली. मी खिडकीत उभा राहून आणखी मोठ्याने नाम म्हणू लागलो. ती आणखी जोराने हात आपटू लागली. एवढ्यात मागे फांदी कडाडली आणि खाली आली. आत लख्ख उजेड पडला.

तिने हात थांबवला.

कीर्तनाच्या पहिल्या दिवशी मी देवळात गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या पाठीशी उशा लावल्या, खाट खिडकीसमोर केली आणि शेजारी स्टूल घेऊन बसलो. समोर सभामंडप तळहातासारखा दिसत होता. बुवा उभे राहिले, त्यांचं उपरणं, पेटीवाल्याची टोपी, सगळं दिसत होतं. उत्सवाच्या मंडळींनी भोंग्यासाठी जागा शोधताना आमच्या आंब्याचा तुटलेला खुंट हेरला होता आणि मला विचारून एक भोंगा तिथे बांधला होता. त्यामुळे बुवांचा शब्दन् शब्द आमच्या खोलीत येत होता. मी तिच्याकडे वळून म्हटलं, बघ.

तिने तोंड भिंतीकडे केलं होतं.

थकली असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी खाटच फिरवली. तेव्हा तिने डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी तिने सकाळची पेज घेतली नाही. शेवंतीने चमचा लावला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. मी डॉक्टर नाचणकरांना बोलावलं. ते आमचे गावातले डॉक्टर, रोज सायकलवरून चौकशी करून जाणारा भला माणूस. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, म्हणाले, शरीरात नवीन काही बिघाड नाही. मग मला विचारलं, काही झालं का घरात? त्यांनी मनाला लावून घेतलंय काहीतरी. मी म्हटलं, उलट चांगलंच झालंय, चला दाखवतो, आणि त्यांना खिडकीशी नेऊन देऊळ दाखवलं. त्यांनी आंब्याच्या तुटलेल्या खुंटाकडे पाहिलं आणि बॅग उचलली.

तिने अन्न सोडलं तर किती दिवस, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या उशाशी बसून मी रागावलो, विनवलं, देवाच्या शपथा घातल्या. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

चौथ्या दिवशी गुणाजी आला. रागावून नव्हे. झाडाला जखमा झाल्यात, त्यांना शेणमाती तरी लावू, नाहीतर आत कीड शिरेल, असं म्हणून तो आपणहून टोपली घेऊन आला होता. जखमा लिंपून झाल्यावर तो टाळाच्या ढिगाशी गेला. दाजीने लाकूड नेलं होतं, शेंडे आणि पाला तसाच पडला होता, उन्हाने चुरमुरा झालेला. गुणाजी एकेक डहाळी उचलून बाजूला करत होता, आणि एका डहाळीशी थांबला.

"अप्पा, हे कलम कोणी बांधलेलं?"

मी म्हटलं, कसलं कलम? आपला आंबा रायवळ, आजोबांच्या वेळचा.

त्याने मला जवळ बोलावलं. मनगटाएवढी फांदी होती. तिच्यावर एका जागी गाठ होती, खालची साल खरबरीत आणि वरची गुळगुळीत. गाठीच्या वर एक चिंधी सैलसर बांधलेली होती, निळ्या लुगड्याच्या काठाची. गुणाजीने वरचं एक पान तोडलं, तळहातावर चुरलं आणि हात माझ्या नाकाशी आणला.

"ह्याला कसला वास येतो?"

शेपूचा वास येत होता. आंब्याच्या पानाला शेपूचा वास.

असा आंबा मी जन्मात एकाच ठिकाणी खाल्ला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात, हिच्या माहेरी. परड्यात एकच झाड होतं, त्याच्या फळाला शेपूचा वास म्हणून त्याला सगळे शेपू आंबा म्हणत. मला तो वास आवडला नव्हता आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं. पुढे तिथला रस्ता रुंद झाला. परडं गेलं, झाड गेलं, मग भाऊही घर विकून पुण्याला गेले. झाड तोडणार असं कळलं तेव्हा ही एकटीच माहेरी जाऊन आली होती. येताना पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या होत्या. मी विचारलं होतं हे काय, आणि उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो. त्या दिवशी शेजारच्या गावात कीर्तन होतं आणि माझी गाडी सुटत होती.

"चार पावसाळे झाले असतील बांधून," गुणाजी बोटाने गाठ चाचपत म्हणाला. "बाईमाणसाचा हात, पण काम बेस केलंय. माज्यापाशी बोलल्या नाहीत कदी. आणि हे बघा." त्याने शेंड्याकडचा डोळा दाखवला. टपोरा फुगलेला, तांबूस. "पैला मोहोर हा. पंधरा दिवसांत फुटला असता. खाटेवरनं सरळ समोर दिसत असणार त्यांना."

मी त्याला म्हटलं, ह्याच काड्या घे. पुन्हा बांध. आत्ता बांध, मी शिडी धरतो.

"काडी मेली, अप्पा. चार दिवस उन्हात पडलीय."

"एखादी तरी जिवंत असेल."

"असली तरी कलमाचा दिवस आता नाय. ते पावसातलं काम. थंडीत झाडाचा चीक खाली बसलेला असतो, धरत नाय." मग माझ्याकडे बघून त्याला दया आली असावी. "त्यांच्या म्हायेरचं मूळ झाड असेल तर सांगा. आषाढात मी स्वतः जाईन काड्या आणायला, कितीही लांब असू दे."

ते झाड तर रस्त्यात गेलं होतं. 

ती डहाळी घेऊन मी आत गेलो. शेवंती वाटीत पेज घेऊन दाराशी उभी होती. मी खाटेजवळ खाली जमिनीवर बसलो. डहाळी तिच्या पांघरुणावर ठेवली आणि म्हटलं, मला ठाऊक नव्हतं गं. तुझी शपथ, मला ठाऊक नव्हतं.

तिने डाव्या हाताने ती डहाळी चाचपली. गाठ चाचपली, चिंधी चाचपली. शेंड्यावरचा डोळा तिच्या बोटाला लागला तेव्हा तो गळून पांघरुणावर पडला. बाहेर चार वाजले होते, भोंग्यातून पेटीचा सूर आला. तिने माझ्याकडे पाहिलं, चार दिवसांत पहिल्यांदा. तिचे ओठ वाकडे झाले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि तिच्या तोंडून आवाज आला, तुटका, जड, पण तिचाच.

"खिड...की... लाव."

शेवंतीच्या हातातली वाटी पडली. "काकी बोलल्या," ती म्हणाली, आणि पुढच्या क्षणी ती अंगणातून पळत होती, गल्ली ओलांडून देवळाकडे, काकी बोलल्या, काकी बोलल्या असं म्हणत.

मी उठून खिडकी लावली.

मग घर माणसांनी भरलं. डॉक्टर नाचणकर सायकल टाकून आले, त्यांचे डोळे भरले होते. आता रोज बोलतं करा, म्हणाले, आता या येतील वर. त्या संध्याकाळी तिने दोन चमचे पेज घेतली. कीर्तन संपवून धामापूरकरबुवा स्वतः आले. साधा, सात्त्विक माणूस. त्यांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला, तिच्या पायांकडे उभं राहून डोळे मिटले. जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "अप्पा, फांद्या तोडल्यात ते गुरुजींनी सांगितलं मला. भगवंत आणि भक्ताच्या मधलं आवरण दूर केलंत तुम्ही. माझ्या उभ्या आयुष्यात असं उदाहरण पाहिलं नाही."

मला बोलायचं होतं. पण पाठीमागे खोलीत वीस माणसं होती, आणि सगळ्यांचे चेहरे इतके आनंदलेले होते.

दत्तजयंतीला सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे खांबाशी बसलो होतो, लोकांनी मला हाताला धरून पुढे नेलं. बुवांनी आख्यानाला विषयच तो घेतला. मुकी झालेली साध्वी, मधे आडवा वृक्ष, आणि पतीने देवासाठी घातलेला घाव. बायका डोळे पुसत होत्या. जे बोलणं ऐकून मी आयुष्यभर रडत आलो तेच बोलणं चाललं होतं, तोच गळा, तोच ठेका, आणि माझे डोळे कोरडे होते. समोर गल्लीपलीकडे आमचं घर सरळ दिसत होतं. खिडकी बंद होती.

मधेच बुवा थांबले. झांज थांबली. त्यांनी माइक स्टँडवरून काढला आणि दोन पावलं चालून माझ्यापुढे आले.

"अप्पा, सभेला सांगा. चार महिन्यांनी वाचा फुटली, तेव्हा माउलीच्या मुखातून पहिला शब्द कोणता आला?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. बायकांच्या बाजूला शेवंती बसलेली होती. तिने खाली मान घातली. मूर्तीपुढे समया तेवत होत्या.

मी म्हणालो, "दत्त. दत्त म्हणाली."

असा जयघोष उठला की मंडपाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला.

जन्म झाला, पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटला. गुरुजींनी माझ्यासाठी वेगळा द्रोण भरून दिला, माउलींना द्या म्हणाले. मी गल्ली ओलांडून अंगणात आलो आणि आंब्यापाशी थांबलो. खुंटावरच्या भोंग्याचं तोंड आमच्या घराकडे होतं. पोरं शिडी लावून तो सोडवत होती. खिडकीच्या फळीपासून तो हातभर अंतरावर होता. खिडकी बंद असली म्हणून काय झालं, मंडपात मी बोललेलं आत पोचलंच असणार.

आत गेलो. ती जागी होती आणि दाराकडेच बघत होती. माझ्या गळ्यातल्या हाराकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. एखादं माणूस चुकून आपल्या घरात शिरावं आणि त्याला काय म्हणावं ते आपल्याला कळू नये, तसं ती बघत होती.

पुढे ती पाच वर्षं जगली. पुष्कळ बोलू लागली, शेवंतीशी, गुणाजीशी, माझ्याशीही. मिठाचं, दुधाचं, पावसाचं बोलायची. आंब्याचं कधी नाही, आणि त्या शब्दाचं कधी नाही. धामापूरकरबुवांनी ते उदाहरण गावोगाव सांगितलं. अजूनही कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, ते रेडीज अप्पा तुम्हीच का, आणि वाकून नमस्कार करतं. मी पाय मागे घेतो. लोकांना तो विनय वाटतो.

पण त्या संध्याकाळी असं झालं, की काही वेळ तसं बघून झाल्यावर तिने पांघरुणातून डावा हात बाहेर काढला आणि तळवा उघडून माझ्यापुढे धरला. प्रसाद डाव्या हातात घेत नाहीत. तिला दुसरा हात नव्हता. ती वाट बघत राहिली. द्रोण माझ्या हातात होता, आणि तो मला तिच्या तळव्यावर ठेववेना.